चोच मोठी झाली, पण हवाच तापली तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तापमानवाढीबरोबर पक्ष्यांच्या चोची मोठ्या होत असल्याचा लेख आला होता. विषय चांगला होता आणि मूळ माहितीही बरोबर होती. माझी हरकत आहे ती शेवटच्या दोन परिच्छेदांना. पक्षी बदलत्या हवेशी जुळवून घेत आहेत, निसर्ग आपला मार्ग काढतोच, असा दिलासा तिथे वाचकांना दिला आहे. मी पक्षीतज्ज्ञ नाही. नाना पेठेत रेडिएटर दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आणि ही हरकतही त्याच धंद्यातून आलेली आहे.

लेखात चोचीला रेडिएटर, म्हणजे गाडीच्या इंजिनाची गरमी बाहेर टाकणारा भाग, म्हटलं आहे. त्यात गैर काही नाही, शास्त्रज्ञांनीच तो शब्द वापरला आहे. पण एकदा रेडिएटर म्हटलं की रेडिएटरचे नियम मागोमाग येतात. ते मात्र लेखात कुठे दिसले नाहीत.

आधी चोचीबद्दल थोडं. बहुतेकांचा समज असा असतो की चोच म्हणजे तोंडावर बसवलेलं निर्जीव शिंग. वरचं कवच खरंच निर्जीव असतं. आपली नखं ज्याची बनतात त्या केराटिनचंच ते असतं. पण आत हाड असतं, आणि हाड व कवच यांच्या मधोमध जिवंत कातडीचा पातळ थर असतो. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. शिवाय चोचीवर पिसं नाहीत. बाकी जवळजवळ सगळं अंग पिसांखाली झाकलेलं, आणि अंगातली गरमी ४० ते ४२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्याला ज्या तापात डॉक्टर गाठावा लागेल तो पक्ष्याचा रोजचाच. घाम येत नाही, कारण घर्मग्रंथीच नाहीत. जादा उष्णता टाकायची तर चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी अशा मोजक्याच उघड्या जागा. नाहीतर चोच वासून धापा टाकायच्या. धापांनी गारवा येतो तो शरीरातल्या पाण्याची वाफ करून. एप्रिलच्या दुपारी पाणी कुठून आणायचं? चोचीच्या पृष्ठभागावरून उष्णता गेली तर थेंबभरही पाणी खर्चावं लागत नाही. गरम मुलखातल्या पक्ष्याला मोठी चोच परवडते ती या हिशोबाने.

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी होती. विद्यार्थी कोंबून रोहित पक्षी बघायला भिगवणला जायचे, आणि परतीच्या वाटेवर गाडी हमखास तापायची. मी कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्यांचा गाभा, काढून गळती शोधून डाख लावेपर्यंत सर स्टुलावर बसून हत्तीच्या कानाबद्दल बोलत. हत्ती कान हलवतो तो वारा घ्यायला नाही, कानातलं रक्त गार करायला, हे मला त्या स्टुलावरून कळलं. पुढे सर निवृत्त झाले, पद्मिनी भंगारात गेली. २००९ साली एक दिवस ते मुद्दाम दुकानात आले, हातात छापील कागद. म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुमचा रेडिएटर पक्ष्याच्या तोंडावर सापडला.’’

त्या कागदांत टुकानची गोष्ट होती. दक्षिण अमेरिकेतला टोको टुकान, अंगाच्या मानाने जगात सर्वांत मोठी चोच असलेला पक्षी. एवढं हे धूड कशासाठी, यावर पूर्वी पुष्कळ तर्क झाले होते. कोणी म्हणे मादीला दाखवायला, कोणी म्हणे फळं सोलायला. कॅनडाचे ग्लेन टॅटरसॉल आणि ब्राझीलचे डेनिस आंद्रादे व ऑगस्टो आबे यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर हा पक्षी ठेवला आणि खोलीचं तापमान कमीजास्त केलं. गारव्यात चोचीकडे जाणारं रक्त पक्षी आखडून घेतो, चोच थंडगार पडते. उष्मा वाढला की रक्त मोकळं सोडतो आणि चोच कॅमेऱ्यात झळाळून उठते. रात्री झोपताना चोच पिसांत खुपसून ठेवतो, म्हणजे गळती बंद. आकाराच्या मानाने ही चोच हत्तीच्या कानाच्या तोडीची, असं त्यांनी लिहिलं आहे.

गाडीतही असंच असतं. पाणी गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप, बंद असतो, आणि ते साधारण ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की वाट उघडतो. नवशिका पोरगा ‘गाडी तापते’ म्हटल्याबरोबर थर्मोस्टॅट काढून फेकतो. उन्हाळ्यात त्याचं निभावतं, थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि डिझेल पिऊ लागतं. टुकानकडे हा थर्मोस्टॅट आहे म्हणून एवढी मोठी चोच त्याला बाधत नाही. पण बर्फाळ मुलखात कितीही आखडून घेतलं तरी उघडी जागा ती उघडीच. तिथे मुळात चोच लहान असलेली बरी.

ही गोष्ट फार जुन्या काळी कोणाच्या तरी लक्षात आली होती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोएल असफ ॲलन यांनी १८७७ साली असं मांडलं की थंड प्रदेशातल्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे कान, पाय, शेपटी असे बाहेर आलेले अवयव तुलनेने आखूड असतात आणि उष्ण प्रदेशात लांब. आपल्या सासवड-दौंडकडच्या माळावरचं खोकड पाहा, कान केवढे. ध्रुवाकडच्या पांढऱ्या कोल्ह्याचे कान केसांत जेमतेम दिसतात. चोचीला हा नियम लागू पडतो का, हे मात्र २०१० साली मॅथ्यू सायमंड्स आणि हेच टॅटरसॉल यांनी नीट तपासलं. आठ गट, २१४ जाती. त्यात पेंग्विन होते, पोपट होते, टुकान होते, आफ्रिकेतले तांबट होते, कुरव आणि सुरय होते. थंड हवेत राहणाऱ्या जातींच्या चोची आखूड, हे एकूण चित्र अगदी स्पष्ट निघालं. अक्षांश आणि उंचीच्या हिशोबाने एकच गट नियमाला जुमानेना, तो म्हणजे मुनियांचं कुळ. बी फोडून खाणाऱ्या पक्ष्याला चोचीच्या आकारात फार मोकळीक नसणार, असा माझा आपला अंदाज.

मला सगळ्यांत पटलेलं उदाहरण टुकानसारखं दिमाखदार नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साँग स्पॅरो नावाचा चिमणीएवढा पक्षी असतो. त्याचे काही भाऊबंद आत झाडीत राहतात आणि काही थेट समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर. वाळूवर ऊन जास्त, सावली कमी, गोडं पाणी दुर्मीळ. रसेल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन्ही मोजले. वाळूवरच्यांच्या चोचीचं पृष्ठफळ १७ टक्क्यांनी जास्त भरलं, आणि त्यातून बाहेर जाणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत जास्त. पक्षी तोच, जागा फक्त वेगळी. आमच्याकडेही एकाच कंपनीच्या गाडीला थंड मुलखासाठी एक कोअर आणि वाळवंटासाठी जाड कोअर यायचा. फरक एवढाच की तिथे कोअर बदलायला पिढ्या जातात.

आता कोणी म्हणेल, चोच तर खाण्यासाठी असते. असतेच. गॅलापागोस बेटांतल्या डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने वर्षानुवर्षं फिंच नावाचे छोटे पक्षी मोजले. १९७७ च्या दुष्काळात मऊ बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या तेवढ्या उरल्या, आणि जाड चोचीचे पक्षी जगले, बारीक चोचीचे मेले. तिथे उष्णतेचा संबंध नव्हता, पोटाचा होता. तेव्हा ‘चोच मोठी म्हणजे ऊन जास्त’ असं सरळ समीकरण मांडू नये, आणि तुमच्या लेखात ते थोडंसं तसं झालं आहे. शिंजीराची बाकदार चोच फुलातल्या मधासाठी आहे, ती पुण्याच्या उन्हाने लांबलेली नाही. खाण्याच्या गरजेने चोचीचा घाट ठरतो, आणि त्या घाटात जिथे थोडं पुढेमागे करायला वाव आहे तिथे तापमान आपलं काम करतं. त्यातही उन्हाळाच सगळं ठरवतो असं नाही. ऑस्ट्रेलियाकडच्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या २०१७ च्या अभ्यासात हिवाळ्याची थंडी हे चोच लहान राहण्याचं मोठं कारण दिसलं.

आता लेखातला मुख्य आकडा. १८७१ पासून ऑस्ट्रेलियातल्या काही जातींच्या पोपटांच्या चोची सरासरी ४ ते १० टक्क्यांनी वाढल्या. सारा रायडिंग आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या लेखात तो आहे, संग्रहालयांत जपलेल्या जुन्या पक्ष्यांची मापं घेऊन काढलेला आहे, आणि मला त्याबद्दल काही शंका नाही. माझा प्रश्न एवढाच की या १० टक्क्यांत पदरात काय पडतं.

रेडिएटर किती उष्णता टाकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक त्याचं क्षेत्र, दुसरा आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक. दिवे घाट चढणाऱ्या ट्रकचं पाणी नव्वदला असतं आणि बाहेर हवा चाळीस, म्हणजे फरक पन्नासाचा. एखाद्या अंशाने हवा तापली तर ट्रकला कळतही नाही. पक्ष्याचं तसं नाही. अंग ४१ धरा. हवा ३१ असेल तर फरक १०. हवा एका अंशाने तापली की फरक ९, म्हणजे दहावा हिस्सा गेला. पोपटांनी दीडशे वर्षांत जास्तीत जास्त जी १० टक्के चोच कमावली, ती या एका अंशात खर्ची पडली. हवा ३६ असेल तर फरक पाचच, तिथे एक अंश वाढला की पाचवा हिस्सा जातो. ३९ वर एका अंशाने निम्मं काम बंद. आणि ४१ वर रेडिएटर आहे तिथेच आहे, कोअर साफ आहे, पण टाकत काहीच नाही. त्याच्या वर गेलं की उलटं चक्र सुरू होतं, हवा गरम आणि चोच गार, त्यामुळे मोठी चोच जास्त उष्णता आत ओढणार. तेव्हा पक्ष्याला रक्त आखडून धापांवरच भागवावं लागतं. हिशोब ढोबळ आहे. चोचीचा पृष्ठभाग अंगाइतका गरम नसतो, वारा असतो, ऊन असतं. पण कुठल्याही गॅरेजात हा हिशोब चालेल, आणि लेखातल्या दिलाशापुढे तो मांडायला हवा होता.

म्हणून चोच वाढतेय ही बातमी मला गाडीतल्या तापमानाच्या काट्यासारखी वाटते. काटा वर चढतोय याचा अर्थ गाडी जुळवून घेतेय असा कोणी लावत नाही.

याचा पुरावा तुमच्या लेखातल्या छायाचित्राखाली ज्याचं नाव होतं त्या धनेशांतच मिळतो, फक्त तो आफ्रिकेतला आहे. कलहारी वाळवंटात पिवळ्या चोचीचा धनेश असतो. टान्या व्हॅन डी व्हेन आणि सहकाऱ्यांनी त्याच्यावर टुकानसारखाच कॅमेरा रोखला आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. हवा ३०.७ अंशांवर गेली की त्याची चोच उष्णता टाकायला लागते. म्हणजे त्याचा थर्मोस्टॅट तिथे उघडतो. पिसांवरून, कातडीवरून, चोचीवरून मिळून जी कोरडी, म्हणजे पाण्याची वाफ न करता, उष्णता जाते तिच्यातला जास्तीत जास्त १९.९ टक्के वाटा चोचीचा. टुकानइतका नाही, पण वाळवंटात पाणी न खर्चता एवढं मिळणं लहान नव्हे.

आणि तरीही त्याच मुलखातल्या धनेशांची वीण एका दशकात कोलमडली. निकोलस पॅटिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ते आकडे छापले. २००८ ते २०११ आणि २०१६ ते २०१९ असे दोन काळ त्यांनी ताडून पाहिले. विणीसाठी लावलेल्या पेट्यांपैकी पूर्वी ५२ टक्के भरायच्या, पुढे १२ टक्के. पूर्वी ५८ टक्के विणी यशस्वी व्हायच्या, पुढे १७ टक्के. विणीच्या काळातलं सरासरी कमाल तापमान ३५.७ अंश किंवा त्याच्यावर गेलं तिथे एकही वीण तडीस गेली नाही.

कारण ऐकलं तर एकदम पटतं. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. एवढी फट ठेवते की नराची चोच आत यावी. ती आत असेपर्यंत तिचं आणि पिल्लांचं पोट सर्वस्वी नरावर. उकाडा वाढला की नराला चोच उघडी टाकून धापा टाकाव्या लागतात, आणि उघड्या चोचीने किडा पकडता येत नाही. त्याचं चारा वेचणं मंदावतं, वजन उतरतं, आणि ढोलीपाशी घास कमी पोचतो. चोच हत्यारही आहे, हातही आहे, रेडिएटरही आहे आणि धापांचं धुरांडंही आहे. चार कामं एकाच नगावर, ही कुठल्याही यंत्राची कमजोर बाजूच असते.

हे आकडे जसेच्या तसे पुण्याला लावू नयेत, हेही सांगतो. आपला राखी धनेश एप्रिल ते जून अशा ऐन उन्हाळ्यातच वीण करतो, आणि पुण्यात एप्रिलचं कमाल तापमान सरासरी ३८ च्या आसपास असतं. तो कलहारीतल्या भावापेक्षा वेगळ्या हिशोबावर जगतो. त्याचं मुख्य अन्न म्हणजे वड, पिंपळ, उंबराची फळं, आणि ती सावलीतच मिळतात. रसाळ फळातून पाणीही मिळतं. एम्प्रेस गार्डनमध्ये उन्हाळ्यात सकाळी गेलात तर जुन्या झाडांच्या शेंड्यात त्याचं किंचाळणं ऐकू येईल. अकरानंतर बघा, कुठे दिसत नाही. दाट पानोऱ्यात आत जाऊन बसलेला असतो.

म्हणून मला असं म्हणायचं आहे की पुण्यात पक्ष्याच्या चोचीचं काम होणार की नाही, हे चोचीच्या लांबीपेक्षा झाडाखालच्या हवेवर जास्त अवलंबून आहे. वर केलेला हिशोब पुन्हा धरा. तुम्ही वर्तमानपत्रात रोज शहराचं तापमान छापता, त्यात शिवाजीनगर आणि पाषाणच्या आकड्यांपेक्षा वडगावशेरी, मगरपट्टा, कोरेगाव पार्क बहुधा जास्त असतात. एकाच शहरात दोन-दोन अंशांचा फरक. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पोपटाने दीडशे वर्षांत जेवढं कमावलं त्याहून जास्त इथे एका पेठेतून दुसऱ्या उपनगरात गेलं की हातचं जातं. आणि हा वेधशाळेचा आकडा सावलीतला. पत्र्याच्या शेडवर, डांबरावर, काचेच्या इमारतीसमोर पक्ष्याला जी धग लागते ती त्यात नाही.

आमच्या भागात रस्ता रुंद झाला तेव्हा ओळीने उभी असलेली जुनी झाडं गेली. त्या बदल्यात कुठेतरी लांब रोपं लावल्याचा फलक लागला. रोपांबद्दल तक्रार नाही, पण बोटाएवढ्या रोपाला ढोली कशी असेल? धनेश स्वतः ढोली कोरत नाही. त्याला आयती लागते, आणि मादी आत मावेल एवढी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. शिवाय जिवंत जाड खोडाच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी उकाडा असतो, चढउतारही सौम्य असतात. पातळ भिंतींच्या पेटीला ते जमत नाही. आमच्या सोसायटीतल्या उत्साही मंडळींनी पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेट्या टांगल्या आहेत. दुपारी तीनला त्यांना हात लावून पाहिला, चटका बसला. मी सांगितलं, लाकडाच्या घ्या आणि पूर्वेला, सावलीत लावा. त्यावर कमिटीने विषय पुढच्या सभेत घेऊ म्हटलं आहे, म्हणजे पेट्या तिथेच राहणार.

पावसाळ्याआधी फांद्या छाटायची मोहीम निघते तेव्हाही थोडं तारतम्य असावं. रस्त्यावर, तारांवर, घरावर पडेल अशी वठलेली फांदी तोडलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण बागेच्या आतल्या भागात, जिथे खाली कोणी उभं राहत नाही, तिथली वठलेली फांदीही ‘स्वच्छता’ म्हणून काढतात. तांबट आणि पांढऱ्या गालाचा कुटुर्गा अशाच मऊ पडलेल्या लाकडात घर कोरतात. ती फांदी ठेवायला खर्च शून्य आहे. तोडायला माणसं आणि टेम्पो लागतो.

पाण्याच्या भांड्यांचं आवाहन आपण दर मार्चला छापता, ते छापत राहावं. फक्त त्यात दोन शब्द वाढवावेत, ‘सावलीत ठेवा’. हवा ४० च्या वर गेली की चोचीचा रेडिएटर जवळजवळ बंद, मग सगळा भार धापांवर, आणि धापा म्हणजे पाणी. पण गच्चीच्या कठड्यावर रणरणत्या उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या वाडग्यातलं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं, आणि तिथवर जायला पक्ष्याला ऊनही खावं लागतं. मातीचं पसरट भांडं, जवळ एखादं झाड किंवा कुंड्यांची दाटी, आणि पाणी रोज बदललेलं. बुलबुल, साळुंक्या, चष्मेवाले दुपारीही येतात, हे मी घरच्या मागच्या गॅलरीत पाहतो. पारवेही येतात, त्याला इलाज नाही.

जाता जाता छायाचित्राबद्दल. लेखाखाली ‘धनेश’ असं छापलेला पक्षी धनेश नव्हता, टुकान होता. नारिंगी चोच, टोकाला काळा डाग, पांढरा गळा. आपल्या राखी धनेशाची चोच काळपट असते आणि तिच्यावर टोकदार शिंगासारखा उंचवटा असतो. दोघे दिसायला सारखे म्हणून घोटाळा होतो, पण घराणी वेगळी. टुकानचा नातलग पुण्यात शोधायचा तर तो तांबट, उन्हाळ्यात दिवसभर टुक टुक करत बसणारा. धनेशाचा जवळचा नातलग म्हणजे हुदहुद, जो हिरवळीवर बाकदार चोच खुपसत फिरतो. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना दोघांचीही छायाचित्रं छापलीत तर शाळकरी मुलांना उपयोग होईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रेडिएटर मिस्त्री,
नाना पेठ, पुणे